सुटीचा सोमवार आणि कचऱ्याची गाडी



९ मार्च १९५९ रोजी आकाशवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर तिशीचा एक पाहुणा येऊन बसला. वर्णाने काळा, पेशाने ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि देशाने अमेरिकन. महिनाभर तो आपल्या पत्नीसह भारतात हिंडला होता. मुंबईत उतरल्यावर फूटपाथवर झोपलेली माणसे त्याने पाहिली होती, आणि गांधीजी जिथे राहत असत त्या मणिभवनातही तो जाऊन आला होता. परतीच्या आदल्या दिवशी त्याने रेडिओवरून भारताचा निरोप घेतला. त्याच्या सांगण्याचा सारांश असा, की दडपलेल्या माणसांच्या हाती अहिंसक प्रतिकाराइतके दुसरे समर्थ साधन नाही, ही आपली खात्री ह्या प्रवासाने अधिक पक्की झाली. ते भाषण पुष्कळ वर्षे विस्मरणात होते. २००९ साली आकाशवाणीच्या संग्रहातून त्याचे ध्वनिमुद्रण पुन्हा उजेडात आले.

तो पाहुणा म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. आज त्यांच्या जयंतीविषयी थोडे बोलावयाचे आहे. मात्र त्यांचे चरित्र सांगण्याचा विचार नाही; ते पुस्तकांतून मिळते. त्यांच्या देशात ही जयंती कचेऱ्यांतून, कारखान्यांतून, रुग्णालयांतून कशी साजरी होते, ती तिथे आली कशी, आणि तिच्यात आपल्यासारख्यांनी घेण्याजोगे काय आहे, एवढेच पाहू.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, अ‍ॅटलांटा शहरातला. अमेरिकेत त्यांची जयंती जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी पाळतात. सरकारी कचेऱ्या, टपाल आणि बहुतेक बँका त्या दिवशी बंद असतात. सोमवारी सुटी, मग कचेरीत समारंभ कसा, असे तुम्ही विचाराल. तो बहुधा आधीच्या आठवड्यात उरकतात. जेवणाच्या सुटीत किंवा सकाळच्या न्याहारीला सगळे एका दालनात जमतात. भिंतीवर किंग यांचे चित्र असते. कोणी गाणे म्हणते, कोणी त्यांच्या भाषणातला उतारा वाचते, बाहेरून आलेला पाहुणा दोन शब्द बोलतो, साहेब आभार मानतात. आपल्याकडे तलाठी कचेरीत, पंचायतीत किंवा शाळेत १४ एप्रिलला जे दृश्य दिसते त्याच्याशी हे किती जुळते, बघा. हार-फुले कमी, चहाऐवजी कॉफी, इतकाच काय तो फरक.

आता हे ऐकून कोणाला वाटेल, ठीक आहे, मोठा पुरुष होऊन गेला, सरकारने सुटी दिली, लोक कार्यक्रम करतात. पण खरी हकीकत निराळी आहे. ही जयंती कामाच्या जागी वरून आली नाही. ती आधी कामाच्या जागीच मागितली गेली, तीही हाताने काम करणाऱ्या माणसांकडून. सरकारला पुष्कळ नंतर जाग आली. आणि त्या माणसांनी किंग यांच्यावर एवढा हक्क का सांगितला, हे कळायचे तर एका कचऱ्याच्या गाडीची गोष्ट ऐकली पाहिजे.

टेनेसी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी मेम्फिस नावाचे शहर आहे. १९६८ साली तिथल्या नगरपालिकेचा कचरा उचलणारे बहुतेक सगळे कामगार काळे होते. घरोघरच्या अंगणातून कचऱ्याची टोपली डोक्याखांद्यावर घेऊन ती गाडीत ओतायची, हे त्यांचे काम. टोपल्या जुन्या, गळक्या. आतले घाण पाणी अंगावर ओघळायचे. मजुरी इतकी तुटपुंजी, की आठवडाभर पुरे काम करूनही कित्येकांना गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर संसार रेटावा लागे. पाऊस लागला तर काळ्या मजुरांना घरी धाडीत आणि त्यांची मजुरी बुडे; गोऱ्या मुकादमांचा पगार मात्र चालू राही.

१ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये जोराचा पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोसा शोधत होते. गोऱ्यांच्या वस्तीत कोणाच्या ओसरीवर जाऊन उभे राहावे, अशी सोय त्यांना नव्हती. गाडीच्या पुढल्या भागात जागा नव्हती. म्हणून ते मागे, जिथे कचरा दाबला जातो तिथे, आत शिरले. गाडी जुनी होती आणि अशा गाड्यांविषयी तक्रारी आधीच झालेल्या होत्या. काही बिघाडाने कचरा दाबणारे यंत्र आपोआप सुरू झाले, आणि दोघे त्यात चिरडले गेले. त्यांचा विमा नव्हता. अंत्यविधीसाठी थोडी रक्कम आणि एक महिन्याचा पगार, एवढ्यावर त्यांच्या कुटुंबांची बोळवण झाली.

त्यानंतर अकरा दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केले. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. मजुरी वाढवा, आमची युनियन माना, गाड्या धड करा. नगराध्यक्ष हेन्री लोब यांनी हा संप बेकायदा आहे असे सांगून बोलणी फेटाळली. तेव्हा कामगार रोज रांगेने शहरातून चालू लागले. त्यांच्या गळ्यात एकच मजकुराच्या पाट्या होत्या. त्या पाट्यांवर ना मजुरीचा आकडा होता, ना कुणाचा धिक्कार. त्यांवर लिहिले होते: ‘मी माणूस आहे.’

ह्या शब्दांचा अर्थ मराठी खेड्यातल्या माणसाला फोडून सांगायला नको. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पिकल्या केसांच्या काळ्या माणसालाही ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारण्याची रीत होती. रेल्वेच्या शयनयानांत प्रवाशांची सेवा करणारे काळे हमाल असत. त्यांना पुष्कळ प्रवासी ‘जॉर्ज’ ह्याच नावाने बोलवीत, कारण गाड्यांच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. म्हणजे धन्याचे नाव नोकराला. नोकराचे स्वतःचे नाव विचारण्याचे कारणच नाही! आपल्याही गावांत, ज्याच्या हातून गाव झाडून घ्यायचा त्या म्हाताऱ्याला पोरासोरांनी अर्ध्या नावाने, अरे-तुरेने हाक मारावी, हे चालत आलेच होते की नाही? मग ‘मी माणूस आहे’ ही पाटी मेम्फिसची असली तरी ती वाचायला आपल्याला दुभाषी लागत नाही.

किंग १८ मार्चला मेम्फिसला गेले. तोवर त्यांची कीर्ती जगभर झाली होती. माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १ डिसेंबर १९५५ ला कामावरून घरी परतताना बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडली नाही. त्यांना अटक झाली, आणि तिथल्या काळ्या समाजाने किंग यांच्या नेतृत्वाखाली ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. स्वयंपाकिणी, मोलकरणी, मजूर वर्षभर पायी कामाला गेले. १९६३ च्या २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोक जमले, तिथले किंग यांचे स्वप्नाचे भाषण आजही पोरांना पाठ असते. पण त्या मोर्चाचे नाव काय होते, हे फारसे कोणी सांगत नाही. ‘रोजगार आणि स्वातंत्र्य’ ह्यांसाठीचा तो मोर्चा होता; रोजगार हा शब्द आधी. आणि त्याचे प्रमुख होते ए. फिलिप रँडॉल्फ, म्हणजे ज्यांना ‘जॉर्ज’ म्हणत त्याच रेल्वे हमालांची युनियन बांधणारे वयोवृद्ध पुढारी. पुढच्या वर्षी, २ जुलै १९६४ ला, नागरी हक्कांचा कायदा झाला. वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून कोणाला नोकरी नाकारणे किंवा कामावर दुजाभाव करणे त्या कायद्याने गुन्ह्याच्या बाजूला गेले असे नव्हे, पण बेकायदा ठरले, आणि तक्रार करायला एक सरकारी आयोग मिळाला. त्याच साली किंग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

असा हा मनुष्य कचरा उचलणाऱ्यांच्या सभेत उभा राहिला. तिथे त्यांनी जे सांगितले त्याचा मतितार्थ असा: ज्या कामाने माणसांचे भले होते ते प्रत्येक काम मानाचे आहे. कचरा उचलणारा हा डॉक्टरइतकाच मोलाचा, कारण त्याने आपले काम टाकले तर गावात रोगराई पसरेल. आणि उपाहारगृहात शेजारी बसण्याचा हक्क मिळाला, पण तिथे खाण्यापुरते पैसे गाठीला नसतील, तर त्या हक्काचा उपयोग काय?

२८ मार्चला त्यांच्या मोर्चात दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीने सोळा वर्षांचा एक मुलगा दगावला. किंग यांना हा घाव लागला. अहिंसक मोर्चा पुन्हा काढून दाखवायचाच, ह्या निश्चयाने ते परत आले. ३ एप्रिलच्या रात्री त्यांनी शेवटचे भाषण केले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लॉरेन मोटेल ह्या उतारशाळेच्या सज्जात उभे असताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली. वय अवघे ३९. तात्पर्य, हा मनुष्य मेला तो सफाई कामगारांच्या संपात मेला.

आता ८ एप्रिल १९६८ हा दिवस लक्षात ठेवा. त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. मेम्फिसमध्ये किंग यांच्या पत्नी कॉरेटा हजारो लोकांसह मूक मोर्चाच्या अग्रभागी चालल्या. अजून पतीचा अंत्यविधी व्हायचा होता. आणि तिकडे वॉशिंग्टनमध्ये, मोटारींचे शहर जे डेट्रॉइट, तिथून निवडून आलेले जॉन कॉनयर्स यांनी किंग यांच्या जन्मदिवशी राष्ट्रीय सुटी असावी असे विधेयक मांडले. आठ दिवसांनी, १६ एप्रिलला, मेम्फिसच्या नगरपालिकेने हात टेकले. युनियनला मान्यता मिळाली आणि दोन हप्त्यांत तासाला १५ सेंटांची मजुरीवाढ मिळाली. कामगारांचे काम झाले. विधेयक मात्र पडून राहिले.

ते किती वर्षे पडून राहिले? तर पंधरा वर्षे. पण कामगार काही सरकारची वाट पाहत बसले नाहीत. १९६९ सालीच न्यूयॉर्क राज्यातल्या मोटारींच्या एका कारखान्यात थोड्या कामगारांनी किंग यांच्या जन्मदिवशी कामावर जायचे नाकारले. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत झाडलोट, स्वयंपाक, धुलाई करणाऱ्यांच्या युनियनने ही सुटी मालकांशी होणाऱ्या करारात मागितली आणि मिळवली.

इथे थोडे थांबून हा व्यवहार समजून घेऊ. युनियन आणि मालक यांच्यात दर काही वर्षांनी लेखी करार होतो. मजुरी किती, पाळी किती तासांची, आजारपणाची रजा किती, पगारी सुट्या कोणत्या, हे सारे त्यात कलमवार लिहिलेले असते. एक कलम पदरात पाडून घ्यायचे तर दुसरीकडे थोडे सोडावे लागते. म्हणजे मजुरीत आणखी दोन पैसे मागता आले असते तिथे ह्या माणसांनी ‘आमच्या माणसाचा जन्मदिवस आम्हांला पाळू द्या’ हे कलम मागितले. पदरमोड करून मागितलेली ही सुटी. आज कुठे मागच्या दाराने पार्टी म्हणून ही जयंती साजरी होत असेल, तर तिचे मूळ असे आहे, हे विसरू नये.

पुढे शहरे, मग राज्ये यांची पाळी आली. १९७३ साली इलिनॉय राज्याने प्रथम ही सुटी कायद्याने दिली. १९७९ साली राष्ट्रीय विधेयक प्रतिनिधिगृहात मताला आले आणि आवश्यक बहुमताला पाच मते कमी पडून कोसळले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे दोन तऱ्हेचे होते. एक, आणखी एक पगारी सुटी दिली तर खर्च फार होईल. दुसरे, ह्या गृहस्थांनी कधी सरकारी पद भूषविले नाही. मग राष्ट्रपतींच्या पंक्तीला खाजगी माणूस कसा बसवावा? वरवर हा हिशेब शहाणपणाचा वाटतो. पण पदाशिवायच्या माणसानेच जर पदावर बसलेल्यांना न्याय करायला लावला असेल, तर त्याचा मान कुठल्या मापाने मोजायचा?

कॉरेटा किंग हटल्या नाहीत. सह्यांची मोहीम निघाली; साठ लाखांच्या आसपास सह्या जमल्या. स्टीव्ही वंडर ह्या अंध गायकाने ह्याच मागणीसाठी वाढदिवसाचे गाणे रचले, ते घरोघर वाजू लागले. अखेर १९८३ साली केटी हॉल यांनी मांडलेले विधेयक प्रतिनिधिगृहात ३३८ विरुद्ध ९० मतांनी आणि सेनेटमध्ये ७८ विरुद्ध २२ मतांनी संमत झाले. खर्चाच्या आक्षेपावर तोड म्हणून १५ तारखेऐवजी तिसरा सोमवार धरला गेला. २ नोव्हेंबर १९८३ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि २० जानेवारी १९८६ ला पहिली राष्ट्रीय जयंती झाली.

तरी गाडे एका दमात पुढे गेले नाही. अमेरिकेत राष्ट्रीय सुटी म्हटली तरी ती केंद्र सरकारच्या नोकरांपुरती. राज्यांनी आणि खाजगी मालकांनी ती पाळावी अशी सक्ती नसते. अ‍ॅरिझोना राज्यातल्या मतदारांनी १९९० साली ती नाकारली. त्यावर १९९३ चा फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना तिथून हलवण्यात आला. १९९२ साली मतदारांनी फेरविचार केला. न्यूयॉर्कचा शेअरबाजार ह्या दिवशी बंद राहू लागला तो १९९८ पासून. सगळी पन्नास राज्ये ओळीत यायला २००० साल उजाडले. कॉनयर्स यांनी विधेयक मांडल्यापासून बत्तीस वर्षे!

आणि सुटी मिळाल्यावर काय झाले? कुठलाही मोठा दिवस मिळाला की जे होते तेच. काही ठिकाणी त्या दिवशी माणसे मनापासून एकत्र आली, तर काही ठिकाणी ती केवळ एक जादा झोपेची सकाळ ठरली. दुकानांतून त्या निमित्ताने स्वस्त विक्रीच्या जाहिराती झळकू लागल्या. म्हणून १९९४ साली आणखी एक कायदा झाला. ह्या दिवशी घरी बसू नये, लोकसेवेचे काम करावे, असे त्याने आवाहन केले. तो मांडणाऱ्यांपैकी एक हॅरिस वॉफर्ड. हे गृहस्थ तरुणपणी भारतात येऊन गांधीजींचा मार्ग अभ्यासून गेले होते, आणि किंग यांनी भारतात जावे म्हणून खटपट करणाऱ्यांतही ते होते. दुसरे जॉन लुइस, ज्यांचे डोके १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी चालताना पोलिसांच्या लाठीने फुटले होते. तेव्हापासून पुष्कळ कचेऱ्यांतले लोक त्या दिवशी शाळेच्या भिंती रंगवतात, गरिबांसाठी धान्याची पाकिटे भरतात, नदीकाठ साफ करतात.

हे चांगलेच आहे. पण तिथले विचारी लोक एक शंका काढतात, आणि ती आपणही ऐकण्याजोगी आहे. ते म्हणतात, कचेरीत किंग यांचे १९६३ चे स्वप्न भिंतीवर लागते. १९६८ ची कचऱ्याची गाडी मात्र कुणी आठवत नाही. स्वप्नाने कुणाला अडचण होत नाही. गाडीची आठवण काढली की लगेच प्रश्न उठतात. ह्या समारंभाचे दालन पहाटे कोणी झाडले? त्याला तासाला काय मिळते? समारंभाला त्याला बोलावले का? साहेब सुटीवर असताना त्या सोमवारी कामावर कोण आहे? बढतीच्या यादीत कोणाची नावे दर वेळी मागे राहतात? ज्या कामाच्या जागी हे प्रश्न जयंतीच्या दिवशी विचारता येतात, तिथे जयंती झाली म्हणावे. जिथे विचारता येत नाहीत, तिथे फक्त न्याहारी झाली.

मेम्फिसचेच पाहा. संप जिंकला, पण त्या कामगारांना शहराच्या निवृत्तिवेतनाचा लाभ मिळाला नाही. त्यामुळे कित्येकजण उतारवयातही राबत राहिले. २०१७ साली, म्हणजे ४९ वर्षांनी, नगरपालिकेने हयात असलेल्या मोजक्या संपकऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर देण्याचे ठरवले. पुढे ती रक्कम वाढवली. ज्या लॉरेन मोटेलमध्ये किंग पडले तिथे १९९१ पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे आणि देशोदेशीचे लोक ते पाहायला येतात. स्मारक २३ वर्षांत उभे राहिले. ज्यांच्यासाठी तो मनुष्य आला होता त्यांच्या म्हातारपणाची तरतूद व्हायला त्याच्या दुप्पट काळ लागला. स्मारक बांधणे सोपे आणि हिशेब चुकता करणे अवघड, हे सगळीकडचे सारखेच.

आता घराकडे वळू. किंग यांनी १९६५ च्या एका प्रवचनात भारतातली एक आठवण सांगितली होती. केरळात ते एका शाळेत गेले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतली मुले तिथे शिकत होती. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांची ओळख करून दिली, ती अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य, अशी. किंग क्षणभर चमकले, थोडे रागावलेही. मग त्यांच्या मनात आपल्या देशातली काळ्या माणसांची कोंडलेली वस्ती, रिकामी पोटे, बंद दारे उभी राहिली, आणि ते स्वतःशी म्हणाले, की होय, मी अस्पृश्यच आहे. एका मास्तरांच्या साध्या वाक्याने त्यांना आपल्या दुःखाचे सोयरे दाखवून दिले. शिक्षक मित्रहो, वर्गातल्या वाक्याची ताकद कमी लेखू नका!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही हे सोयरेपण ठाऊक होते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळ्या जनतेचे विद्वान पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हेही १४ एप्रिलच्या भाषणांत सांगावे. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना हार घालताना कामगारांचा हा कैवारी झाकून राहतो. अगदी १९६८ चे किंग झाकून राहतात तसा.

मग पुढच्या जयंतीला आपण काय करावे? मोठे काही सांगत नाही. शाळेत मुलांना विचारा, आपले अंगण, आपला रस्ता, आपले शौचकूप कोण साफ करते? त्याचे पूर्ण नाव काय? ते फळ्यावर लिहा. पंचायतीत समारंभ असेल तर त्या दिवशी दहा मिनिटे काढून पाहा, सफाई करणाऱ्या माणसाला हातमोजे, बूट मिळाले आहेत का, त्याची मजुरी वेळेवर जाते का. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून हाताने मैला साफ करून घेणे मना आहे, आणि संरक्षणाच्या साधनांवाचून कोणाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हाही गुन्हा आहे. तरी टाकीत गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कोल आणि वॉकर यांची गाडी फार लांब नाही. तो कायदा जयंतीच्या दिवशी पंचायतीत मोठ्याने वाचून दाखवा. हाराला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार जास्त लागणार नाही.

मेम्फिसच्या कामगारांनी गळ्यात जी पाटी घातली होती, तिला उत्तर म्हणून ही जयंती आली. त्यांनी सांगितले, ‘मी माणूस आहे.’ आपण निदान असे म्हणू या: होय, आणि तुमचे नाव आम्हांला ठाऊक आहे.